कॅटेगरी खाली येईल म्हणून

विमानतळावर आग विझवायची नोकरी करतो असं सांगितलं की समोरचा माणूस हटकून विचारतो, "मग आजवर किती विमानं विझवलीसा?" एकही नाही. इतक्या वर्षांत धावपट्टीच्या कडेचं वाळलेलं गवत तीन-चारदा पेटलं, ते विझवलं. एकदा एका लहान विमानाच्या चाकातून धूर आला तेव्हा धावलो. सरावासाठी लोखंडी सांगाडा आपणच पेटवायचा आणि आपणच विझवायचा, हे मात्र कितीदा केलं त्याला गणती नाही. बाकी सगळी नोकरी म्हणजे तयार असणं. विमान यायच्या वेळी जाड सूट आणि बूट घालून गाडीशी उभं राहायचं. ते उतरून जागेवर थांबलं की सूट काढायचा. पुढचं विमान आलं की पुन्हा तेच.

या कामाची एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथंच अडलं. आगीच्या बंदोबस्तावरून प्रत्येक विमानतळाची एक कॅटेगरी ठरते. विमान जेवढं लांब आणि रुंद, तेवढं पाणी, तेवढा फोम, तेवढ्या गाड्या आणि त्या चालवणारी तेवढी शिकलेली माणसं हजर लागतात. यातलं काहीही कमी पडलं, एखादी गाडी बिघडली किंवा माणूस कमी आला, की कॅटेगरी खाली येते. मग तसं वर कळवावं लागतं, आणि मोठ्या विमानानं इथं उतरायचं की नाही याचा विचार सुरू होतो. माणूस मोजला जातो तो असा. तो गाडीवर बसून नुसता समोर बघत असला, तरी त्याच्या बसण्यावर एक विमान अवलंबून असतं.

माझे आई-वडील नृसिंहवाडीत राहतात. आम्ही नुसतं वाडी म्हणतो. वडिलांना मी आप्पा म्हणतो आणि आईला आव्वा. आमच्या घरात मराठीइतकंच कानडी चालतं, त्यातली ही नावं. देवळाकडं जाणाऱ्या वाटेवर आप्पांचं नारळ, कापूर आणि बत्ताशांचं दुकान आहे. दुकानावर माडी, माडीवर घर. वाडीला पाण्याचं नवल नाही. पावसाळ्यात देवळात पाणी शिरतंच. लोक सामान वर चढवतात, आठ-दहा दिवसांनी गाळ काढतात आणि पुन्हा दुकानं मांडतात. मी स्वतः लहानपणी पुराच्या पाण्यात पाय सोडून कट्ट्यावर बसलेलो आहे. म्हणून त्या पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली तेव्हा मी फोन केला तो सहज म्हणून.

"आप्पा, यंदा पाणी जास्त हाय म्हणत्यात. चार दिवस इकडं या की."

"दरसाल येतंय, दरसाल जातंय," आप्पा म्हणाले. "दुकान टाकून कुठं येऊ? नारळाची पोती वर घेतल्यात. तू तुझं बघ."

मी कोल्हापूरच्या विमानतळाजवळ भाड्यानं राहायचो, बायको आणि मुलगी सोबत. आमच्याकडं सगळा माळ, तिथं पाणी चढायचा प्रश्न नव्हता. पण दोन दिवसांत कोल्हापूरच्या चारी बाजूंनी पाणी पसरलं. महामार्ग पाण्याखाली गेला, पूल बंद झाले. जो तो एकमेकाला एकच विचारत होता, पंचगंगा किती फुटांवर आली. आमच्या स्टेशनातली निम्मी माणसं नदीपलीकडं राहणारी. ती तिकडंच अडकली. इकडं होतो तेवढे आम्ही, सुट्टी न घेता, तिथंच खाऊन तिथंच आडवे होऊन काम करत होतो. कारण विमानतळ तेवढा उघडा होता. हेलिकॉप्टरं यायची, बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरून वाडीच्या बाजूला, शिरोळकडं जायची. प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक उतरण्याला आम्ही सूट घालून हजर.

तिसऱ्या दिवशी दुपारी आव्वाचा फोन आला. शेजाऱ्याच्या मोबाइलवरून. त्यांच्या दोघांच्या फोनची बॅटरी कधीच संपली होती.

"दुकान सगळं गेलं बघ," ती म्हणाली. "जिन्याच्या पाच पायऱ्या ऱ्हायल्यात. आणि आप्पांच्या पायाला पत्रा लागलाय. तराजू काढायला पाण्यात उतरलंते. मी नको नको म्हणत हुते."

"किती लागलाय?"

"अंगठ्यापसनं टाचंकडं. हळद भरलीया. पण सुजलाय रं. आणि सुया दोन दिवसाच्या ऱ्हायल्यात. लाइट न्हाय, म्हणून माठात ओल्या फडक्यात ठेवल्यात. चालतंय न्हवं तसं?"

आप्पांना कित्येक वर्षांपासून साखर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागतं. साखरेच्या माणसाचा पाय पुराच्या पाण्यात चिरला म्हणजे काय, हे आमच्या प्रथमोपचाराच्या वर्गात दरवर्षी शिकवतात. मी तो वर्ग नव्या पोरांना घेतलेला आहे.

"चालतंय," मी म्हणालो. "पाय उशीवर उंच ठेव. पाण्यात घालू दिऊ नको. मी काय तरी करतो."

"कर बाबा," ती म्हणाली, आणि शेजाऱ्याला बॅटरी वाचवायची होती म्हणून फोन ठेवला.

मी तसाच आमच्या इनचार्ज साहेबांकडं गेलो. साहेब राधानगरीकडचे, निवृत्तीला आलेले, आवाज कधी न चढवणारे. हजेरीपट समोर घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं.

"मला सोडा साहेब. उद्या संध्याकाळपर्यंत परत येतो."

"कसा जाणार?"

"हुपरीवरनं कुरुंदवाडच्या अलीकडपर्यंत मोटारसायकल जाते म्हणत्यात. तिथनं कुणाची तरी नाव बघतो."

"जाते म्हणत्यात, का कोण गेलंय?"

"म्हणत्यात."

त्यांनी हजेरीपट माझ्याकडं फिरवला. "हे बघ. लागत्यात तेवढीच माणसं हायत आपल्याकडं. एक सुद्धा जास्त न्हाय. उद्या सकाळी मोठं विमान येतंय. बोटी हायत त्यात, जवान हायत. तू गेलास तर एक गाडी माणसाविना उभी ऱ्हाणार. कॅटेगरी खाली आली म्हणून मला वर कळवावं लागणार. मग उतरायचं का न्हाय ते त्यांनी ठरवायचं."

"उतरतील की. एवढा पूर आलाय, असल्यात नियम कोण बघतंय?"

"उतरतील बी. न्हाय बी उतरणार. मला म्हाईत न्हाय. तुला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं. आजही नाही.

मग साहेबांनी खणातून रजेचा कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "लिही," ते म्हणाले. "मी अडवणार न्हाय. बाप हाय तुझा. मी कॅटेगरी खाली आल्याचं वर कळवतो."

मी पेन हातात घेऊन बसलो. साहेब खिडकीकडं तोंड करून उभे राहिले, मला मोकळीक मिळावी म्हणून असेल. डोळ्यांपुढं बोटी येत होत्या. त्या पुण्याला नाहीतर आणखी कुठं उतरल्या तर तिथून रस्त्यानं इकडं आणायला रस्ताच नव्हता. वाडीसारखी किती गावं पाण्यात होती, आणि प्रत्येक माडीवर कुणाचे तरी आप्पा बसलेले होते. हे सगळं मी मनात म्हटलं, ते खरंच होतं. पण दुसरंही एक खरं आहे. टीव्हीवर मी ते पाणी बघितलं होतं. माझ्या लहानपणीचं ते पाणी नव्हतं. विजेचे खांब ओढून नेणारं पाणी होतं ते, आणि मला त्याची भीती वाटली. कागद कोरा ठेवून मी उठलो तेव्हा यातल्या कुठल्या कारणानं उठलो, हे मला नीट सांगता येत नाही.

"थांबतो," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली. शाबासकी दिली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी बायकोनं गावातली तीन मेडिकल दुकानं पालथी घालून आप्पांचं इन्सुलिन मिळवलं. मुलीच्या शाळेच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात बाटल्या घातल्या आणि गेटवर आणून दिला.

दुसऱ्या दिवशी ते विमान आलं. पाऊस होता, ढग खाली आले होते. आम्ही गाड्या घेऊन आपापल्या जागी. मी सूट घालून, हात फोमच्या झोताच्या दांड्यावर ठेवून बसलो होतो. दिवे दिसले, चाकं टेकली, पाण्याची भिंत उडाली आणि विमान थांबलं. काही झालं नाही. मागचं दार उघडलं आणि जवान उतरले. घडी घातलेल्या रबरी बोटी एकेक करून ट्रकमध्ये चढू लागल्या. मला वाटत होतं उतरावं, चार बोटी तरी आपल्या हातांनी उचलाव्यात. पण विमानाचं इंजिन चालू असेपर्यंत आम्हाला गाडी सोडता येत नाही. म्हणून मी काचेतून बघत बसलो. ट्रक गेटातून बाहेर गेले. कुठल्या गावाकडं, ते आम्हाला कुणी सांगायचा प्रश्न नव्हता.

तासाभरानं हेलिकॉप्टर भरायला लागलं. साहेबांनी मला खूण केली. मी थर्मास घेऊन पळत गेलो. सामान चढवणारा जवान उत्तरेकडचा कुठला तरी होता, विशी-बाविशीचा, रात्रंदिवस जागून डोळे लाल झालेला. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. थर्मासवर चिकटपट्टी लावून आप्पांचं नाव लिहिलं होतं, देवळाच्या वाटेवरची डावीकडची तिसरी माडी असंही लिहिलं होतं. त्यानं अक्षरं वाचली, पण अर्थ लागला नाही. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून मी पुन्हा बोटानं हवेत काढून दाखवलं. देऊळ इथं, वाट अशी, माडी ही. तो म्हणाला, बघतो. थर्मास त्यानं आपल्या मांडीजवळ ठेवला, सामानात टाकला नाही. तेवढ्यावर मी दिवस काढला.

हेलिकॉप्टर परत आलं तेव्हा तो खाली उतरून स्वतः माझ्याकडं आला. हातात थर्मास तसाच. देऊळ दिसलं नाही म्हणाला. वाट दिसली नाही. नुसती छपरं दिसतात, कुठली कोणती ते कळत नाही. खाली टाकला असता तर फुटला असता, म्हणून परत आणला. एवढं सांगून तो म्हणाला, "सॉरी, भाईसाब," आणि पुढच्या फेरीचं सामान उचलायला गेला. मी थर्मास कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिज उघडला की तो दिसायचा. म्हणून मी दोन दिवस त्या फ्रिजकडं गेलो नाही, चहासुद्धा बिनदुधाचा घेतला.

शेजाऱ्याचा फोन आता लागत नव्हता. आमच्यातले सगळे कुणाला ना कुणाला फोन लावत होते. साहेब तेवढे कधी लावताना दिसले नाहीत. त्यांचं गावातलं घर पोटमाळ्यापर्यंत पाण्यात होतं आणि घरची माणसं शाळेत जाऊन राहिली होती, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. मी दर हेलिकॉप्टरला सूट घालत होतो आणि काढत होतो. आमच्याकडं हजारो लिटर पाणी होतं, फोम होता, पत्रा कापायची करवत होती, शिडी, दोर, स्ट्रेचर, सगळं होतं. जखमी माणसाला जळत्या जागेतून कसं काढायचं हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आणि आप्पा माझ्यापासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्याएवढेही लांब नव्हते.

पुढं दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्या वाडीच्या घराशेजारचेच काका होते. जयसिंगपूरहून बोलत होते.

"आप्पास्नी मिरजेला दवाखान्यात नेलंय. तुझी आई संगं हाय."

"बोटीतनं काढलं का?"

"बोट कुठली? बोट आमच्याकडं आलीच न्हाय. माझ्या काहिलीतनं काढलं."

काहील म्हणजे गूळ करताना रस उकळायची मोठी कढई. दोन-तीन माणसं तिच्यात मावतात. काकांनी आप्पांना त्या कढईत बसवून, दोन्ही बाजूंनी पोहणाऱ्या दोन पोरांकडून ती धरवून, पाण्याबाहेर आणलं होतं.

"पाय कसा हाय काका?"

"ये तू," ते म्हणाले.

नदीपलीकडची माणसं त्याच दिवशी पहिल्यांदा कामावर पोहोचली. साहेबांनी मला हजेरीपटावर सही करायलासुद्धा थांबू दिलं नाही. मी थर्मास घेतला. का घेतला माहीत नाही, दवाखान्यात इन्सुलिनला काय तोटा होता? निम्मा रस्ता ट्रकमधून, निम्मा चालत, दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेला पोहोचलो.

आप्पा शुद्धीवर होते. चादर डाव्या बाजूला गुडघ्याच्या जरा खाली एकदम सपाट झाली होती. मी तिकडं बघितलं आणि मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"गेला," ते म्हणाले. "बस."

मी बसलो. ते छताकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "जेवलास का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

डॉक्टर बाहेर भेटले. चांगला माणूस होता, समजावून सांगत होता. विष वर चढलं होतं, थांबणं शक्य नव्हतं. तुमची वाट बघितली नाही, संमतीच्या कागदावर आईंचा अंगठा घेऊन केलं. दोन दिवस आधी आले असते तर बोटांवर भागलं असतं, असंही ते सांगता सांगता बोलून गेले.

आव्वा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी दिलेलं, तिच्या मापाचं नसलेलं पोलकं अंगात. मी शेजारी बसलो. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली, मग म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

"काय पण बोलू नको."

"तुला म्हाईत न्हाय. तुझ्याशी फोनवर बोलले का न्हाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचं काका काहील घिऊन आलंतं. चला म्हणालं. आप्पा उठलंते बी. मीच न्हाय म्हटलं. म्हटलं त्या कढईत कुठं बसायचं, उलटली म्हंजे? आमचं पोरगं विमानतळावर हाय. काय तरी करतो म्हणालाय त्यो. हेलिकॉप्टर पाठवील. आनी हेलिकॉप्टर यायची की रं रोज! वरनं जायची. मी लुगडं हलवायची. शेजारच्या बाया आमच्या गच्चीवर आलत्या, सगळ्यास्नी सांगितलं, माझ्या ल्योकानं पाठवल्यात, आपल्याला न्ह्यायला यील. दोन दिवस तशीच बसले. शेवटाला आप्पा बडबडाय लागलं, तापानं. तवा काहिलीत बसवलं."

मी ऐकत होतो. व्हरांड्यातून स्ट्रेचर जात-येत होती.

"त्ये तूच पाठवलंतंस न्हवं?" तिनं विचारलं. "एक तरी?"

थर्मास माझ्या पिशवीत होता. काढून दाखवावा असं वाटलं, आणि नाही दाखवला. दाखवला असता तर आधी ती चिकटपट्टी वाचून दाखवावी लागली असती, मग तो परत कसा आला ते सांगावं लागलं असतं, आणि त्याच्याही आधी तो रजेचा कागद.

"व्हय आव्वा," मी म्हणालो. "पाठवलंतं. सापडलं न्हाय त्यास्नी घर."

"मी म्हटलंच," ती म्हणाली. एवढ्या एका गोष्टीनं तिच्या चेहऱ्यावर थोडं बरं दिसलं. आणि मला मान वर करून तिच्याकडं बघता येईना.

रजेच्या कागदाचं मी आप्पांना पुढं सांगितलं. सहा-सात महिन्यांनी, नव्या पायाचं माप द्यायला गेलो होतो तेव्हा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"विमान उतरलं का?"

"उतरलं."

"बोटी आल्या?"

"आल्या. कुठं गेल्या ते कळलं न्हाय."

"गेल्या असतील कुठंतरी," आप्पा म्हणाले, आणि पाय बनवणाऱ्या माणसाला, पट्टा फार आवळू नको, असं सांगू लागले. त्यांनी मला माफ केलं की माफ करण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नाही, ते मला समजलं नाही. आव्वाला मात्र अजून सांगितलेलं नाही. गच्चीवर तिच्यासोबत असलेल्या बायकांपैकी कुणी भेटली की ती अजून सांगते, पोरानं पाठवलं होतं, घर सापडलं नाही. मी तिथं असलो तर चप्पल घालून बाहेर जातो.

गेल्या पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच तासाला रजा टाकली. आता नवे साहेब आहेत, माणसं पुरेशी होती, सही लगेच मिळाली. वाडीला पोहोचलो तर आप्पा दुकानात बसून नारळ सोलत होते. चला म्हटलं तर ऐकेनात. "दरसाल येतंय," पुन्हा तेच. ओरडून बघितलं, आव्वाकडून बोलवून बघितलं. शेवटी मीच तिथं राहिलो. दोघांना माडीवर बसवलं, दोर आणला, औषधं बर्फात ठेवली, काकांची काहील दाराशी बांधून ठेवली. पाणी दुकानाच्या उंबऱ्याशी आलं आणि तिथंच थांबलं. तीन दिवस मी जिन्यात बसून पायऱ्या मोजत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मागं सरू लागलं.

आप्पांनी वरून हाक मारली. "उतरलं की पाणी. जा आता कामावर. हितं बसून काय करणार हाइस?"

आव्वानं डब्यात भाकरी बांधून दिली. मी काहील सोडून काकांच्या दाराला लावली आणि गाडी पकडायला गेलो.